अहो, चुकुडू पाहिलीत का कधी?

चुकुडू! अहो, चुकुडू! मी इथं काँगोतल्या गोमा शहरात औषधांच्या खोक्यांची मोजदाद करत बसलेली, आणि भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून असलं अद्भुत धडधडत जातंय! या इकडे, बसा, सांगते!

लाकडी गाडी! दोन चाकं, तीही लाकडाचीच! इंजिन नाही, पेडल नाही, सीटसुद्धा नाही! मधे लांब जाड फळी, पुढे धरायला आडवं दांडकं, आणि चाकांवर जुन्या टायरची पट्टी चक्क खिळ्यांनी ठोकलेली. खिळ्यांनी! मी वाकून वाकून पाहिलं. फळीवर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायानं रेटा द्यायचा, की सुटलात! आणि गुडघा सोलवटू नये म्हणून फळीवर काय ठोकलंय माहितेय? जुनी रबरी चप्पल! त्या चपलेनं मला पार वेडं केलं. लहानपणी आपण बेअरिंगच्या गाडीवरून ढोपरं फोडून घ्यायचो ना? तीच समजा. फक्त हिच्यावर बटाट्यांची पोती असतात. चार-चारशे किलो!

माल येतो किबुम्बाकडून, न्यीरागोंगो ज्वालामुखीच्या बाजूनं. तर चुकुडूवाला पोरगा पहाटे रिकामी गाडी ढकलत चढ चढतो, आणि मग वर कोबी, बटाटे, कोळसा रचतो, आणि मग दोरीनं करकचून आवळतो, आणि मग उतारावरून असा भन्नाट सुटतो, आणि मग समोर ट्रक आला की मागच्या चाकावरचा रबराचा तुकडा पायानं दाबतो (तोच ब्रेक, बरं का!), आणि मग बाजारात येऊन घाम पुसत निवांत भाव सांगतो! रस्ता म्हणाल तर 2002 साली इथं लाव्हा थेट शहरातून वाहत गेला, त्याचे काळे दगड अजून जागोजागी. आमची पांढरी जीप एका सुट्या भागासाठी आठवडेच्या आठवडे अडून बसते. या चुकुडूवाल्यांचं चाक निखळलं तर रस्त्याकडेला दगडानं चार ठोके, झालं काम!

आणि पुतळा! 2009 पासून इथल्या चौकात सोनेरी पुतळा आहे. कुणा पुढाऱ्याचा नाही हो, चुकुडूवाल्याचा!

आमच्या संस्थेचे नियम कडक. अंधाराच्या आत घरी. पायी भटकायचं नाही. मोटारसायकल टॅक्सीवर बसायचं नाही. पण चुकुडूवर बसू नये असं कुठेही लिहिलेलं नाही! मी सगळी पानं चाळली! मग काय, आमच्या पहारेकऱ्याच्या पुतण्याची चुकुडू फाटकाच्या आतच उभी होती, मी गुडघा टेकला, आणि मग रेटा दिला, आणि मग पाण्याच्या टाकीला वळसा घालून थेट जनरेटरच्या खोलीवर! ब्रेक काही सापडला नाही. स्वयंपाकाच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्या हसून हसून खालीच बसल्या.

सुतारकामातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी एक चुकुडू सांगून आलेय! सुतार म्हणाला, देतो दोन-तीन दिवसांत, फक्त ओझं किती न्यायचं ते सांगा, त्या मापानं लाकूड निवडतो. आता काय सांगू? माझ्याकडे आहे एक लॅपटॉप आणि डबाभर मेतकूट! सुचवा ना काहीतरी जड, लवकर!