तीन कॅमेरे, एक आत्या

मल्टिकॅमेरा एडिटिंग हे प्रकरण ऐकायला फार भारी वाटतं. प्रत्यक्षात कल्पना अगदी साधी आहे. एकच कार्यक्रम दोन-तीन ठिकाणांहून टिपायचा, सगळ्या फिती एकाखाली एक लावायच्या, सगळ्यांचा काळ जुळवायचा आणि मग कार्यक्रम चालू असताना बटणं दाबत जायचं. १ दाबलं की समोरचा कॅमेरा, २ दाबलं की बाजूचा. १९५१ साली अमेरिकेत 'आय लव्ह लूसी' ही मालिका प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेऱ्यांनी चित्रित होत असे, तेव्हा हेच काम अवाढव्य यंत्रावर चालायचं. आता ते घरच्या टेबलावर होतं. म्हणजे, होतं असं म्हणतात!

सगळी गोम आहे ती 'काळ जुळवायचा' या दोन शब्दांत.

आमची आत्या २०२३ च्या कोजागिरीला शेवटची गायली. ती काही मोठी गायिका वगैरे नव्हती. चाळीस वर्षं घरी शिकवण्या घेतल्या, गणपतीत आणि लग्नकार्यात गायली, बस्स. त्या रात्री शिष्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक ठेवली होती. समोर स्टँडवर एक कॅमेरा होता, मागच्या भिंतीपाशी दुसरा. भाच्याने आपला फोन डाव्या बाजूच्या खिडकीत टेकवून ठेवला होता. शिवाय तानपुऱ्याजवळ एक छोटा रेकॉर्डर. २०२४ च्या मार्चमध्ये आत्या गेली. वर्षभर कुणाला त्या फिती उघडायचं धैर्य झालं नाही. मग आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, हार्डडिस्क घेऊन आला आणि म्हणाला, "बघ काय जमतंय."

सॉफ्टवेअरला सांगितलं, आवाजावरून जुळव. त्याने चारही आवाजांच्या लहरी ताडून पाहिल्या आणि अर्ध्या मिनिटात सगळं लावून दिलं. पहिली बंदिश सुरेख जुळली. विसाव्या मिनिटाला फोनच्या चित्रात आत्याचे ओठ आणि आवाज यांची फारकत सुरू झाली. तासाभराने तर आवाज एकीकडे आणि आत्या भलतीकडेच. ज्या माणसाचा आवाज आता फक्त फितीतच उरलाय, त्याच्या बाबतीत हे बघवत नाही हो.

पहिला संशय नेहमीचा. ३० फ्रेमची फीत २९.९७ ची समजून लावली की तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. पण इथे फरक होता अर्ध्या सेकंदाच्या आसपास, म्हणजे ते कारण नव्हे. मग एक वही घेतली आणि दर दहा मिनिटांनी फरक मोजून लिहिला. मागच्या कॅमेऱ्याचा आणि रेकॉर्डरचा फरक अगदी संथपणे वाढत होता, सत्तर मिनिटांत चार फ्रेम. हे समजण्यासारखं आहे. प्रत्येक यंत्रात आपापलं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. फोनचा फरक मात्र लहरी होता. मध्येच वाढायचा, मध्येच जागीच थांबायचा.

ही लहर म्हणजेच रोगाचं लक्षण. फोन सेकंदाला ठरलेली चित्रं घेईलच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की तो चित्रांचा वेग खालीवर करतो. कोजागिरी म्हणून मंडळींनी मधूनमधून हॉलचे दिवे मंद केले होते! फोनवर बघताना काही जाणवत नाही, पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळा वेग एकसारखा धरून चालतं आणि तिथे घोळ होतो.

उपाय सांगून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फोनची फीत घालायची, वेग स्थिर ३० निवडायचा, दर्जा वर ठेवायचा आणि जी नवी फाइल निघेल तीच वापरायची. मूळ फाइल मात्र जपून ठेवायची. उरलेल्या चार फ्रेमच्या फरकासाठी पूर्ण सत्तर मिनिटं एका दमात जुळवायच्या फंदात पडलो नाही. प्रत्येक चिजेचा वेगळा तुकडा केला आणि तो स्वतंत्र जुळवला. सिनेमावाले जुळवणीसाठी पाटी वाजवतात, आमच्याकडे तबला होता. प्रत्येक समेवरची थाप लहरींमध्ये टोकदार सुळक्यासारखी दिसते. त्याहून चांगली पाटी कोणती?

मागच्या कॅमेऱ्याची आणखी एक गंमत. तो आत्यापासून साधारण सतरा मीटरवर होता. तेवढं अंतर कापायला आवाजाला पन्नास मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम चाळीसचीच. म्हणजे आवाज जुळवला की चित्र फ्रेमभर पुढे पळतं. ते एक फ्रेम मागे सरकवलं आणि हात जागेवर पडलेला दिसला. आणि हो, कॅमेरा बदलला की आवाजही बदलतो ती सोय आधी बंद करा. नाहीतर दर कटला पंख्याची घरघर ऐकू येते.

हे सगळं चालू असताना एक जाणकार मित्र म्हणाला, "कशाला एवढी खटपट? फोनचा अँगल काढून टाक ना." सल्ला व्यवहारी होता. पण शेवटच्या भजनात आत्या दुसऱ्या कडव्याची ओळ विसरली. ठेका चालू राहिला. तिने शिष्येकडे पाहिलं, शिष्येने शब्द दिला आणि आत्या हसली. समोरच्या कॅमेऱ्याला नेमका माइकचा दांडा आडवा आलेला. मागून फक्त अंबाडा दिसतो. ते हसू फक्त फोनकडे होतं.

दादाने आधीच सांगून ठेवलं होतं, "तेवढं विसरलेलं झाकता येईल ना रे?" येतं की. मल्टिकॅमचा निम्मा उपयोग त्यासाठीच होतो. ठेक्याची दोन आवर्तनं काढली, श्रोत्यांचं चित्र लावलं, समेला सम जोडली. सांधा कुणाला कळला नसता. मी तसं करूनही ठेवलं. मग दुसरी प्रत केली, त्यात काहीच काढलं नाही, फक्त त्या जागी फोनचं चित्र घेतलं.

दादाला दोन्ही दाखवल्या. पहिली बघून तो म्हणाला, "छान झालंय." दुसरी बघताना काही बोलला नाही. ती जागा त्याने मागे नेऊन तीनदा पाहिली. मग म्हणाला, "शिकवताना आम्ही चुकलो की अशीच हसायची ती. हीच ठेव."

चूक झाकण्यासाठी तीन कॅमेरे लागतात. ती नीट दाखवायलाही कधीकधी तिसरा लागतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

असो. तर नातेवाईक मंडळी, कार्यक्रम तयार आहे. फाइल अकरा जीबीची आहे, तेव्हा कृपया व्हॉट्सॲपवर मागू नका. पेनड्राइव्ह घेऊन घरी या, चहा मिळेल. आणि भाच्या, तुझ्या फोनला मी महिनाभर नावं ठेवली. पुढच्या कार्यक्रमाला तो खिडकीत ठेवायचाच आहे, फक्त आधी त्याचा वेग स्थिर करून दे.