देवाचे पाय

जून 2020 मध्ये पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना वज्रलेप झाला. पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी झिजलेल्या दगडावर रासायनिक लेप चढवला. टाळेबंदीमुळे मंदिर भाविकांना बंद होतं, त्यामुळे गाभाऱ्यात निवांत काम करता आलं. ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा लोणंदच्या आमच्या घरात माझे चुलते हरिपाठ आटोपून नुकतेच उठले होते. सगळी आळी त्यांना तात्या म्हणते. रुक्मिणीमातेच्या पायांची झीज झालीय, हे कानावर पडलं आणि ते जागीच थांबले.

"झीज कशानं रं?"

त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, शाळेत विज्ञान शिकवतो. तो म्हणाला, "हातांनी, तात्या. लाखो माणसं हात लावतात, कपाळ घासतात. हाताला घाम, तेल, बोटात अंगठ्या. वर अभिषेकाचं दूध-दही. दह्यात आम्ल असतं. शेवटी दगड आहे तो."

'दगड' ऐकून माझी काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. आता बापलेकांचं वाजणार, असं मलाही वाटलं. तात्या बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "म्हंजे आपणच झिजवला म्हण की देवाला."

तात्यांच्या आयुष्यात त्या पायांचं मोल काय, हे मला ठाऊक आहे. तरुणपणी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आली ती आजतागायत आहे. कधीतरी त्यांच्याबरोबर मीही पदस्पर्शाच्या रांगेत उभा राहिलो आहे. तासन् तास रांग सरकते, पाय भरून येतात, आणि गाभाऱ्यात पोचल्यावर हाती येतात मोजके क्षण. कपाळाला थंड, गुळगुळीत दगड लागतो, नाकात तुळस आणि बुक्क्याचा वास शिरतो, तोवर सेवेकऱ्याचा हात खांद्यावर पडलेला असतो. तेवढ्यावर तात्या वर्ष काढतात. देव आहे की नाही, हा वाद त्यांनी कधी घातला नाही आणि त्यांना कुणी त्यात ओढूही शकलं नाही.

त्या वर्षी वारीही झाली नाही. एरवी नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालून माऊलींची पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्कामी येते. आमच्या अंगणात दिंडी उतरते, पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात, पाण्याच्या टँकरभोवती बादल्या वाजत असतात. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं. 2020 साली यातलं काहीच नव्हतं. 30 जूनला पादुका एसटीच्या गाडीतून पंढरपूरला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी एकादशी झाली.

गावात कुरकुर होतीच. माऊलीवर भरवसा असेल तर रोगाला कशाला भ्यायचं, असं एक जण पारावर मोठ्यानं म्हणाला. तात्यांनी त्याला तिथंच विचारलं, "मी ज्याच्या ओसरीवर मुक्काम करीन, त्याच्या घरात म्हातारं माणूस असंल. त्याला मी आजार दिला, तर माऊलीला काय सांगू?"

मला वाटतं, श्रद्धेला बुद्धीचा आधार लागतो का, या प्रश्नाचं उत्तर तात्यांच्या त्या बोलण्यात आहे. तर्क करून कुणी वारकरी होत नाही. तात्यांची भक्ती त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांतून आली, कुठल्याही सिद्धतेतून आली नाही. पण ती भक्ती जेव्हा हातापायांनी काही करायला निघते, तेव्हा त्या कृतीचा परिणाम कुणावर होतो, हे पाहायला बुद्धीच लागते. तिथं डोळे मिटून चालत नाही.

चमत्काराच्या बाबतीतही त्यांचं असंच. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ ओघळानं खाली उतरतं, असं शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तात्यांना या स्पष्टीकरणाचीही गरज पडली नाही. रांगेत का गेला नाहीत, असं मी पुढे विचारलं तर म्हणाले, "प्यायला असता तरी माझ्या नमस्कारात काय फरक पडणार हुता?" चमत्कार शोधणारा माणूस खरं तर पुरावा मागत असतो. तात्यांना तो नकोच होता.

हा विवेक वारकऱ्यांत बाहेरून आलेला नाही. औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांना 'देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव' म्हणून सांगितल्याची कथा कीर्तनात आजही रंगते. गाडगेबाबांचं कीर्तन तर प्रश्नांवरच चालायचं. देवापुढे बकरं कापणाऱ्यांना ते भर सभेत एकेक प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. पंढरीच्या यात्रेत ते खराटा घेऊन घाण झाडत, आणि चोखामेळ्याच्या नावानं त्यांनी तिथं धर्मशाळा उभी केली.

मे 1947 मध्ये साने गुरुजी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, ते पंढरपुरातल्या तनपुरे महाराजांच्या मठात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रूढीविरुद्धच्या त्या लढ्याला जागा दिली ती एका वारकरी मठानं. देव सगळ्यांचा असेल तर दार काहींनाच का, हा साधा तर्क होता, आणि दहा दिवसांनी तोच जिंकला.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की त्यांचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्या दिवशी तात्या आणि त्यांचा मुलगा एकाच खोलीत सुन्न बसले होते. प्रश्न विचारणाऱ्याला मारून ज्यांना धर्म राखायचा आहे, त्यांचा धर्म तात्यांचा नव्हे.

2024 मध्ये मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी 15 मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं होतं; ते जूनच्या सुरुवातीला पुन्हा सुरू झालं. तात्या आता मुखदर्शनाच्या रांगेत उभे राहतात. गुडघे दुखतात हे एक कारण आहेच, पण दिंडीतल्या तरुण पोरांना ते पायांच्या झिजेची गोष्ट आवर्जून सांगतात. ज्यांना पायांवर डोकं ठेवायचं आहे, त्यांनी ते जरूर ठेवावं. मात्र रांगेत लागण्याआधी अंगठ्या आणि कडी काढून ठेवा, हात स्वच्छ धुवा, कपाळ घासू नका, नुसतं टेकवा. आपल्या मागे रांगेत पुढची पिढीही उभी आहे.