पेन ड्राइव्हमधली पेटी

"हा आवाज आपला नाही."

नवाकोरा कीबोर्ड, त्यावरचं प्लास्टिकही अजून पुरतं निघालेलं नाही आणि मोठ्या बाबांनी निकाल देऊन टाकला! एक सूर दाबला, मान हलवली, चष्मा काढून ठेवला. संपला विषय.

शनिवारची संध्याकाळ. नागपूरच्या आयटी पार्कमधून सुटून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या मौद्याला येईपर्यंत मी फुल टू जोशात होते. रोलँडचा एक्सपीएस-१० माझ्या इन्सेंटिव्हमधून घेतलेला. सीताबर्डीतल्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "जुन्यातले सारे टोन यात येऊन जातील, मॅडम." वर एक केबलही गळ्यात मारली. मीही मान डोलावली. का नाही डोलावणार? क्लायंटचा वीस वर्षांचा डेटा एका वीकएंडला इकडून तिकडे हलवायचा, हा तर आमचा रोजचा धंदा. एका कीबोर्डची ती काय बात!

मोठ्या बाबांचा जुना कीबोर्ड यामाहाच्या पीएसआर मालिकेतला. आधी मंडळात खरी पेटी होती. तिचा भाता कामातून गेल्यावर हा आला आणि पेटीचंच काम करू लागला. तुकडोजी महाराजांची भजनं, समोर खंजिरी आणि बाजूला मोठे बाबा. आता त्याच्या मधल्या सप्तकातले दोन सूर कितीही दाबा, मुके. पुण्यतिथीचा कार्यक्रम आठ दिवसांवर. मधल्या सप्तकाशिवाय भजन म्हणजे... जाऊ द्या.

लॅपटॉपला दोन्ही कीबोर्ड जोडले. जुन्यावर त्यांचं ठरलेलं बटण दाबलं, नव्याकडे निरोप गेला आणि नवा कुठल्याशा भलत्याच आवाजात बोंबलला. मोठी आई स्वयंपाकघरातून बाहेर! "काय झालं वो?"

झालं होतं असं, की मी मिडीकडून नको ती अपेक्षा करत होते. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ केबलनं जोडून दाखवले. दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलली! त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. पण बोलली म्हणजे काय? कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, कितव्या नंबरचा आवाज लावायचा, एवढंच. आवाज स्वतः केबलमधून जातच नाही. हॉटेलात 'सात नंबर' म्हणून ऑर्डर दिली, तर या हॉटेलात सावजी येईल, त्या हॉटेलात फालुदा.

नंबर सारखे असावेत म्हणून १९९१मध्ये जनरल मिडीची १२८ आवाजांची यादी आली. मी ती आशेनं उघडली. १०५ वर सतार आहे, ११२ वर चक्क शहनाई आहे. २१ वर रीड ऑर्गन, २२ वर अकॉर्डियन, २३ वर माउथ ऑर्गन. आपली पेटी? नाही. गावोगावच्या भजनात वाजणारी पेटी त्या १२८मध्ये बसली नाही.

मग सेटिंगचा अख्खा गठ्ठा पाठवायची सोय असते ना? असते की! पण त्या गठ्ठ्यावर आधी कंपनीचा नंबर असतो. रोलँडचा ६५, कॉर्गचा ६६, यामाहाचा ६७, कॅसिओचा ६८. पुढची भाषा ज्याची त्याची. ६७ चं पाकीट ६५च्या दारात टाकलं, तर तो उघडतसुद्धा नाही. आमच्या ऑफिसातल्या दोन डिपार्टमेंट्ससारखंच!

रविवारी दिवसभर बसून मी हातानं एक आवाज बनवला. बरा झाला होता. तेवढ्यात ऑर्केस्ट्रात वाजवणारा शेजारचा पोरगा आला. त्याच्या पेन ड्राइव्हवर 'इंडियन टोन'चा खजिना. "ताई, टाकू का?" टाक म्हटलं. त्यानं त्याचा पूर्ण बॅकअप माझ्या मशीनवर चढवला आणि माझा दिवसभराचा आवाज त्याच्याखाली गाडला गेला. मी स्वतःचा बॅकअप घेतलाच नव्हता. होय, मीच! जी दर शुक्रवारी ज्युनियर्सना बॅकअपवरून लेक्चर देते.

मी रडकुंडीला आलेली पाहून मोठे बाबा उठले. कपाटातून एक वही काढली. त्यात त्यांच्या अक्षरात सगळं होतं: हार्मोनियमचा आवाज, त्याच्याखाली एक सप्तक खाली अकॉर्डियन अगदी बारीक, रिव्हर्ब थोडा, ट्रान्सपोज एक. म्हणजे बोटं पांढरी एकवर आणि सूर काळी एकचा. "आमच्या पेटीचा खर्ज असाच घोगरा होता," एवढंच म्हणाले. पंधरा वर्षं तो आवाज मी ऐकत होते, पण तो कंपनीचा नाही, त्यांनी जुळवलेला आहे, हे मला माहीतच नव्हतं.

वहीबरहुकूम सगळं लावलं. तरी उत्तर तेच. "जवळ आला. पण आपला नाही."

मग मी दोन्हीवर एकदम एकच सूर धरला, पांढरी सहा. आणि ऐकू आलं. वाँव-वाँव-वाँव... सूर लाटांसारखा हेलकावे खात होता. दोन सुरांची कंपनं जितकी वेगळी, सेकंदाला तितक्या लाटा. पेटी दुरुस्त करणारे याच लाटा ऐकून पट्ट्या जुळवतात. मी घड्याळ लावून मोजल्या. सेकंदाला दोन. जगात पांढरी सहा ४४० वर, आमच्या घरात ४३८ वर!

"मोठे बाबा, तुमचा सूर उतरलेला आहे."

"उतरला नाही बेटा. आमची पेटी तिथंच होती. म्हणणाऱ्यांचे गळे तिथं बसले. मंग मशीन खाली आणली."

हे वहीत नव्हतं. बटणाच्या सेटिंगमध्येही नव्हतं. कधीतरी एकदा मशीनचं ट्युनिंग खाली केलं आणि विसरून गेले. रोलँडच्या मास्टर ट्यूनमध्ये ४४० चे ४३८ केले. लाटा थांबल्या. मोठ्या बाबांनी चष्मा घातला, मला बाजूला सरकवलं आणि थेट वाजवायलाच बसले. जेवायला हाका मारून मोठी आई थकली.

रात्री आवाजाला नाव दिलं. स्क्रीनला मराठी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'आपली पेटी'. बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर घेतला. एक माझ्याकडे, दुसरा मोठ्या आईनं दागिन्यांच्या डब्यात ठेवलाय.

कार्यक्रमानंतर बाजूच्या गावातल्या मंडळातल्या मुलानं तो टोन मागितला. त्याचाही एक्सपीएस-१०च. त्या एका आवाजाची सगळी सेटिंग्ज त्याला लिहून पाठवली. परवा त्याचा फोन. "ताई, सारं तसंच लावलं. पण तुमच्यासारखा काऊन नाही वाटत?"

४३८ सांगायचं राहिलं होतं.