लावून बघ की, काय होतंय!

काका मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. ते गेल्यावर गिटार नातवाकडे आली आणि आता त्याला माळ्यावरचा अ‍ॅम्पही हवाय. साठच्या दशकातला, अमेरिकन बनावटीचा, व्हॉल्व्हवाला. काकूंनी तो माझ्याकडे धाडला, कारण घराण्यात सोल्डरिंग आयर्न माझ्याकडेच!

अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. पण याच्या वायरला चक्क आपला गोल तीन पिनांचा प्लग. म्हणजे ट्रान्सफॉर्मर कुणीतरी २३०ला रिवाइंड केलाय, की नुसताच प्लग बदललाय? काकूंना विचारलं. "अरे, बरोबर एक जड खोकं असायचं. नंतर कुठे गेलं देव जाणे."

घरात सगळ्यांचा सल्ला एकच. लावून बघ की! बरं, लावला आणि तो ११७चा निघाला तर? व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ऐवजी बारा-साडेबारा व्होल्ट, आणि जिथे चारशे हवेत तिथे आठशे. मग बघायला काही उरत नाही.

खरं तर उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतच असतं. आधी आतले कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज केले (बंद अ‍ॅम्पमध्येही ते शेकडो व्होल्ट धरून बसू शकतात), व्हॉल्व्ह काढून ठेवले, आणि मेन्सच्या जागी छोट्या ट्रान्सफॉर्मरचे १२.४ व्होल्ट दिले. फिलामेंटच्या वाइंडिंगवर मीटरने ०.६६ दाखवले. गुणोत्तर १८.८. त्याला ६.३ने गुणलं की ११८! रिवाइंड वगैरे काही नाही, मूळचाच माल. २३०चा असता तर मीटर ०.३४वर थांबला असता.

बोलता बोलता काकू म्हणाल्या, "ते म्हणायचे, हा माईक चावतो." मी हातातलं काम थांबवलं. प्लग तीन पिनांचा, पण आत वायरी दोनच, अर्थिंग नाही. त्या काळच्या अनेक अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये असतो तसा मेन्सची एक तार आणि चॅसी यांच्यामध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. गिटारच्या तारा त्याच चॅसीला जोडलेल्या. खोकं बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असणार, म्हणजे मेन्सपासून वेगळं न करणारं. फेज-न्यूट्रल उलट झाले की त्या कपॅसिटरवर २३० व्होल्ट, आणि वाजवणाऱ्याचे ओठ अर्थ असलेल्या माईकला लागले की साडेतीन मिलिअँपिअरच्या आसपास करंट त्याच्यातून. तो कपॅसिटर शॉर्ट झाला असता तर... गिटारवाले त्याला 'डेथ कॅप' म्हणतात, उगाच नाही. काका त्यासमोर रात्र-रात्र गायले असतील.

तो पहिल्यांदा कापला. मग तीन तारांची वायर, चॅसीला पक्कं अर्थिंग, फेजवर फ्यूज, फिल्टरचे नवे कपॅसिटर. ११०चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला. १२०चा मुद्दाम नाही, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपल्या ५०वर जुना ट्रान्सफॉर्मर आधीच जास्त तापतो. मग वायरमन लोकांचा सिरीज बल्ब. क्षणभर लखकन पेटला आणि मंद झाला. हुश्श!

अ‍ॅम्पची वायर आता त्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्यातच कायमची जोडून टाकलीय. हल्लीच्या सॉकेटमध्ये चपटी पिनसुद्धा बसते आणि नातू चौदा वर्षांचा आहे. काकूंनी स्वतःच्या अक्षरात वर चिठ्ठी चिकटवलीय: "डबा काढू नये. काढल्यास माझ्याशी गाठ आहे."