मुक्काम पोस्ट : घोडेबाजार

दोस्तांनो, तुम्ही कधी घोड्याला आडवं झोपलेलं पाहिलंय? पाय पसरून, मान जमिनीला टेकवून, अगदी आपल्यासारखं? बहुतेकांनी नसेलच पाहिलं. वरातीतला घोडा उभा असतो, टांग्याचा उभा असतो, आणि मोठी माणसंही सांगून टाकतात की घोडा उभ्यानेच झोपतो. ते अर्धंच खरं आहे. उभ्याने घोडा डुलकी काढतो. मागच्या पायाच्या सांध्यात गुडघ्याची वाटी अशी अडकते, की पायाला जणू कुलूपच लागतं आणि स्नायूंना जोर न देता तो उभा राहू शकतो. पण गाढ झोप, स्वप्नं पडणारी झोप, हवी असेल तर त्याला आडवंच व्हावं लागतं. तीही थोडाच वेळ, आणि रात्रीच. शिवाय आजूबाजूला धोका नाही अशी खात्री पटली, तरच.

म्हणजे ही गंमत पाहायची तर घोड्यांच्या शेजारी रात्र काढायला हवी. आणि तेवढ्यासाठी खिशात फार पैसे लागत नाहीत, हेच आज तुम्हांला सांगायचंय.

आमचं गाव वडनेर भोलजी. बुलडाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्यातलं, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मध्ये, महामार्गावरचं. आमच्या गावात घोड्यांचा बाजार भरत नाही. त्यासाठी जायचं सारंगखेड्याला. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, तिथे दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, यात्रा सुरू होते. या यात्रेला तीनशे वर्षांहून जास्त परंपरा आहे असं सांगतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात! कानांची टोकं एकमेकांना टेकवणारे मारवाडी, तसेच बाकदार कानांचे काठेवाडी, पंजाबातले पांढरेशुभ्र नुकरे. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असला तर तो पंचकल्याणी. गळ्यावर एका ठरावीक जागी केसांचा भोवरा असला तर त्याला देवमण म्हणतात, आणि मग किंमत एकदम चढते. भोवऱ्याने घोडा जास्त पळतो का, हे मात्र घोड्यालाच विचारा!

आता रस्ता ऐका. वडनेरहून एस.टी.ने मलकापूर किंवा नांदुरा. तिथून रेल्वेने भुसावळ नाही तर जळगाव. तिथे गाडी बदलून सुरतेकडे जाणाऱ्या लाईनवर बसायचं. पॅसेंजर मिळाली तर उत्तम, तिकीट सर्वांत स्वस्त. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा अशी स्टेशनं मोजत दोंडाईचाला उतरायचं आणि शहाद्याकडे जाणारी एस.टी. पकडायची. तापीचा पूल आला की समजा आलं सारंगखेडा. पुलावरूनच पांढऱ्या, काळ्या, तांबूस रंगांचे ठिपके दिसायला लागतात आणि नंतर वास येतो. घोड्यांचा, कडब्याचा आणि गुळाच्या जिलेबीचा एकत्र वास. पहिल्यांदा नाक मुरडाल, दुसऱ्या दिवशी त्याची सवय होईल.

मी पहिल्यांदा गेलो १९९४ साली, आमच्या आबाजींबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर. तेव्हा सारंगखेडा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. मी बारा वर्षांचा होतो. आबाजींचा टांगा होता. दिवाळीच्या आधी त्यांचा घोडा पोटदुखीने एका रात्रीत गेला. घरातली दोन पोती ज्वारी, आजीच्या गळ्यातली पोत आणि थोडी उसनवार, असं करून नव्या घोड्याचे पैसे उभे राहिले होते. दहा हजाराला थोडे कमी. ते आबाजींच्या कमरेच्या कशात होते. गाडीत ते झोपलेच नाहीत. दर स्टेशनाला हात कमरेला जायचा.

आता सांगा, अशा वेळी लॉजमध्ये उतरणार कोण? तिथे मोडलेली प्रत्येक नोट घोड्याच्या किमतीतून गेली असती. मी विचारलं, "आबाजी, आपण झोपायचं कुठं?"

"घोडे जिथं झोपतात तिथं," ते म्हणाले.

बाजारात खरोखर सगळे तसेच झोपतात. व्यापारी आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस) महिना महिना घराबाहेर असतात. ते काय रोज खोली घेतील? कुणी दोन बांबूंवर ताडपत्री टाकून पाल करतं. कुणी घोडे उतरवून रिकाम्या झालेल्या ट्रकमध्ये गवत पसरतं. पुढे मोठेपणी मी वाचलं, की इंग्लंड-अमेरिकेत घोड्यांच्या शोला जाणारी साधी माणसंही असंच करतात. घोडा तबेल्यात बांधायचा, ज्या गाडीतून त्याला आणलं ती झाडून घ्यायची आणि तिच्यातच पथारी टाकायची. खर्च वाचतो आणि घोड्यावर लक्षही राहतं. म्हटलं, अरे, हे तर आपल्या सारंगखेड्याचंच!

आबाजींनी जागा कशी निवडली ते सांगतो, तुमच्या कामी येईल. नदीच्या अगदी काठाला नाही, कारण पहाटे तिथे दव आणि गारठा जास्त. वाटेवर नाही, रात्रीसुद्धा घोडे पाण्यावर नेतात. घोड्याच्या मागे तर मुळीच नाही. घोड्याला पुढून बांधायची दोरी ती अगाडी, मागच्या पायाची ती पिछाडी. पिछाडी बांधलेली असली तरी लाथ बसते ती बसतेच! म्हणून जागा बाजूला आणि मेखेपासून चांगली दहा पावलं लांब. आधी शेजाऱ्याला विचारायचं. न विचारता पथारी टाकलीत तर तुम्ही चोर ठरता, विचारून टाकलीत तर पाहुणे.

आमचा शेजारी शहाद्याकडचा एक म्हातारा होता. "कोठेन उनात, भाऊ?" त्याने अहिराणीत विचारलं. आबाजींनी वऱ्हाडीत गाव सांगितलं. दोघांना एकमेकांचं निम्मंच कळत होतं, पण चहा लगेच आला.

मग अंथरूण. लोक दोन पांघरुणं नेतात आणि तरी कुडकुडतात, कारण थंडी जमिनीतून चढते. वर एक कमी चालेल, खाली एक जास्त पाहिजे. आबाजींनी सर्वांत खाली खताची प्लॅस्टिकची पोती घातली, म्हणजे ओल येत नाही. त्यावर विकत घेतलेल्या कडब्याच्या चार पेंढ्या सोडून पसरल्या, वर सतरंजी, आणि अंगावर दोघांत एक घोंगडी. सकाळी तोच कडबा झटकून घोड्यांपुढे टाकला आणि त्यांनी कुरकुर न करता खाल्ला. रात्रीची गादी सकाळी न्याहारी! याहून स्वस्त मुक्काम मला अजून कुठे सापडलेला नाही.

जेवणाचं म्हणाल तर घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा नेलेला. दशमी दुधात भिजवलेल्या पिठाची, दोन-तीन दिवस टिकते. विकत घेतली ती फक्त शेवभाजी, एक वाटी दोघांत. घोड्यांची मात्र चंगळ होती. घोड्याच्या धान्याच्या खुराकाला चंदी म्हणतात. तोंडाला तोबरा बांधून हरभऱ्याची चंदी चालली होती, आणि काही मालक तर घोड्याला दूध-तूप पाजत होते. मी आपला दशमी चावत बघत बसलो.

आता मुख्य गोष्ट. दुपारीच आबाजींना एक घोडा पसंत पडला होता. कुमाईत रंगाचा, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. छाती भरलेली, कातडी खराऱ्याने घासून आरशासारखी. मालकाने त्याला नदीकाठच्या मऊ मातीत दुडकी चालवून दाखवला. काय डौल! रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून सौदा झाला. पैशांत बसत होता. मालक घाई करायला लागला, "आत्ताच इसार द्या. सकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे." मी तर मनात त्याच्यावर बसून वडनेरच्या स्टँडला फेरीसुद्धा मारून आलो होतो. आणि आबाजी म्हणाले, "सकाळी पाहू."

मला रडू यायचं बाकी होतं. आबाजींनी मला त्या घोड्यापासून दहा पावलांवर झोपवलं. आमची पथारी तिथेच का, हे मला तेव्हा कळलं! ते म्हणाले, "दिवसाले घोडं मालक दाखवते. रातीले ते स्वतःले दाखवते. तू जागा राय अन् पाय."

पौर्णिमेची रात्र. चंद्र इतका लख्ख, की बत्तीची गरज नव्हती. शेकोट्या एकेक करून विझत गेल्या. (शेकोटी कडब्यापासून लांब करायची आणि झोपताना पाणी घालून विझवायची. घोडा विस्तवाला भितो आणि एक बिथरला की दहा बिथरतात.) मग बाजारभर एक आवाज सुरू झाला. शेकडो घोडे शांतपणे चावत असतात तेव्हाचा. लांबून कुणी ज्वारी भरडत असावं तसा. मध्येच एखादा फुरफुरतो. मध्यरात्रीनंतर तोही थांबला, आणि मी पाहिलं, म्हाताऱ्याच्या ओळीतली एक करडी घोडी हळूच गुडघे दुमडून बसली आणि मग सरळ आडवीच झाली. तिचे पाय झोपेत धावल्यासारखे हलत होते. शेजारची दोन घोडी मात्र कान टवकारून उभी. थोड्या वेळाने ती उठली आणि दुसरी झोपली. पहारा बदलत होता!

कुमाईत घोडा मात्र उभाच. एकदा बसायला गेला, मागचा भाग खाली घेतला आणि पुन्हा उभा राहिला. परत तसंच. मी आबाजींना हलवलं. ते जागेच होते. त्यांनी फक्त मान हलवली.

पहाटे थंडी अशी, की बोटं वळेनात. अजून मालक उठायचा होता. मोतद्दार झोपेतच घोड्यांना पाण्यावर नेऊ लागला. ती वाट कडक, खडीची. कुमाईत घोड्याने पहिली पाच-सात पावलं टाकली आणि माझ्यासारख्या पोरालाही दिसलं, मागचा उजवा पाय तो पुरा टेकतच नव्हता. शंभर पावलांनी अंग तापलं आणि लंगडणं नाहीसं झालं. दुपारच्या मऊ मातीत ते कुणाला दिसणार होतं? जुनं दुखणं होतं. टांग्याला जुंपला असता तर महिन्यात बसला असता, आणि आजीची पोत गेलीच म्हणून समजा.

आबाजी मालकाशी भांडले नाहीत. "नाही जमत," एवढंच म्हणाले. मग शेजारच्या म्हाताऱ्याकडे गेले आणि त्या करड्या घोडीची किंमत विचारली. ती दिसायला साधी, पोट थोडं सुटलेलं, देवमण-बिवमण काही नाही. तिला खडीवर चालवलं, पाय उचलून नाल पाहिले, दात पाहून वय मोजलं. म्हातारा हसून म्हणाला, की रात्रभर पाहिलीच आहे ना! सौदा कुमाईतापेक्षा स्वस्तात झाला. बाजाराची पावती फाडली आणि उरलेल्या पैशांतून मला गुळाची जिलेबी मिळाली.

तुम्ही आज जाल तर बाजार बदललेला दिसेल. २०१७ च्या सुमारास चेतक फेस्टिव्हलसाठी तिथे पर्यटकांच्या तंबूंचं गावच उभं राहिलं होतं. वर्तमानपत्रांत कोटीची किंमत सांगणाऱ्या घोड्यांचे फोटो येतात आणि त्यांच्यापुढे सेल्फीची गर्दी होते. भारी तंबूत राहणं वाईट नाही, पण तिथून रात्रीचे घोडे दिसत नाहीत. पालांची ती वस्ती शोधा. एकटे मात्र जाऊ नका, घरातलं मोठं माणूस बरोबर हवंच. पैसे एका जागी ठेवू नका. घोड्याला मागून हात लावू नका, आधी आवाज द्या आणि मालकाला विचारा. एकाची बादली दुसऱ्याच्या घोड्यापुढे तर कधीच नेऊ नका. घोड्यांत ग्लँडर्स नावाचा रोग असतो, तो नाकातल्या शेंबडातून, पाण्यातून पसरतो आणि माणसालाही होतो. म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, मग कितीही गारठा असो!

परत येताना आम्ही रेल्वेने आलो नाही. अकोल्याकडे तीन घोडे नेणारा एक ट्रक होता, त्यात चौथी जागा मिळाली. धुळे-जळगावचा महामार्ग वडनेरवरूनच जातो. तेव्हा त्याचा नंबर ६ होता, आता ५३ आहे. घोडीच्या शेजारी कडब्यावर बसून आम्ही दोघं आलो. पहाटे गावच्या फाट्यावर तिला उतरवायला फळी नव्हती. रस्त्याकडेच्या मातीच्या चढाला ट्रक लावला, तेव्हा ती उतरली.

घरी आल्यावर ती दोन रात्री उभीच होती. चंदी खाल्ली, पाणी प्यायली, पण बसली नाही. तिसऱ्या रात्री आबाजींनी मला हलवून उठवलं आणि कंदील न घेता गोठ्याच्या दाराशी नेलं. आत ती आडवी पडली होती, मान कडब्यावर टाकून. आमची म्हैस तिच्याशेजारी उभी होती.