उंबराचं पाणी

डोंबिवलीहून फास्ट, दादरला पूल ओलांडून स्लो, आणि साडेनऊच्या सुमारास आम्ही दोघी चर्नी रोडला उतरलो. आई सत्तरी ओलांडलेली. पूल चढताना दोनदा थांबली. गिरगाव मात्र तिने न थांबता दाखवायला सुरुवात केली. ‘चर्नी’ म्हणजे चरणी, गुरांची चरायची जागा, हे मी तिच्याकडूनच लहानपणी ऐकलेलं. इंग्रज सरकारने गुरं चारण्यावर फी बसवली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ साली २०,००० रुपये मोजून ठाकूरद्वारजवळचं गवताळ रान विकत घेतलं आणि गरिबांच्या गुरांना मोकळं करून दिलं, असं सांगतात. त्या रानाचा आज मागमूस नाही. नाव तेवढं स्टेशनवर उरलं आहे.

आईचं माहेर कांदेवाडीचं. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती जिथे बसला ती केशवजी नाईकांची चाळ कांदेवाडीतच. लोकमान्य टिळक १९०१ साली तिथे येऊन गेले होते. आईच्या बोलण्यात ही चाळ घरच्यासारखी येते. आम्ही बघायला आलो होतो ती खोताची वाडी तिथून चालत पाचेक मिनिटांवर, पण त्या वाडीबद्दल तिच्याकडे दोनच आठवणी होत्या : कागदाच्या पुडीतले गरम वेफर्स आणि नाताळातले कंदील. लग्न होऊन १९७४ साली ती डोंबिवलीला आली. तोवरच्या बावीस वर्षांत वाडीतल्या एकाही घराचा उंबरठा तिने ओलांडला नव्हता. ‘त्यांचं वेगळं होतं गं सगळं. पोर्तुगीज लोक ते,’ ती म्हणाली.

सेंट तेरेझा चर्चच्या समोरून आत वळलं की रहदारीचा आवाज एकदम मागे पडतो. दोन माणसं शेजारी शेजारी चालली तर तिसऱ्याने थांबावं इतकी अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना एकमजली लाकडी घरं, पुढे रस्त्याला लागून ओटा, वरच्या मजल्याला कठड्याचा सज्जा, आणि वर जायचा जिना घराबाहेरून. कौलं उतरती. कुठे निळा रंग, कुठे गेरूसारखा लाल. एका भिंतीशी क्रूस, त्याला झेंडूचा ताजा हार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा साकडं घालायला वस्त्यावस्त्यांत असे क्रूस उभे राहिले. आईने चप्पल काढून हात जोडले. मला वाटतं, ते हाराकडे बघून झालं.

गिरगावातल्या वाड्या म्हणजे मुळात खरोखरच्या वाड्या, माडांच्या आणि फळझाडांच्या. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावं अजून ते सांगतात. ही वाडी खोत आडनावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तिचे तुकडे पाडून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना घरं बांधायला दिले. घरं ख्रिस्त्यांची झाली, नाव खोतांचं राहिलं. दोनशेहून अधिक वर्षांत ते बदलावंसं कुणाला वाटलं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एका ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्ही घराकडे बघत उभ्या राहिलो, तर त्यांनीच ‘बसा नी, उन्हात कशाला’ म्हणून सूप बाजूला सारलं. आई बसली, आणि पाणी प्यायल्यावर तिने मनातलं सरळ विचारलं, ‘तुम्ही मूळचे पोर्तुगालचे का हो?’

आजींनी हातातला खडा बाजूला टाकला. ‘पोर्तुगाल? आमी नाय बघितलं कदी. आमी इथलेच. तुमच्यावानीच.’

त्या बोलत होत्या ती मराठी होती. साष्टी-वसईच्या किनाऱ्याची, ऐकताना कोळीवाड्याची आठवण यावी अशी. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि त्यानंतरच्या काळात तिथले कोळी, शेतकरी, भंडारी, काही ब्राह्मण आणि प्रभूसुद्धा ख्रिस्ती झाले. १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राज्यं बदलली, ही माणसं आपापल्या गावात राहिली. पुढे मुंबईत गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती नोकरीसाठी येऊ लागले. आपण मूळचे इथले, कंपनी सरकारच्या वेळेपासून चाकरीत असलेले, हे वेगळं कळावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव रीतसर घेतलं. नोकरीपुरतं घेतलेलं ते नाव शेजाऱ्यांच्या नजरेत त्यांना परकं करून गेलं. अजूनही हौसेने वाडी दाखवणारे ‘मुंबईतलं पोर्तुगीज खेडं’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. सज्ज्याच्या नक्षीवरून माणसाचं मूळ ठरत नाही.

एके काळी इथे ६५ घरं होती. आता तिशीच्या आत आली आहेत. एका घराचे वारस दहा, त्यांतले निम्मे परदेशात, लाकडाची डागडुजी परवडत नाही, आणि जमिनीचा भाव असा की बिल्डरला नाही म्हणायला छाती लागते. गल्लीच्या वर मान केली की टॉवर दिसतोच. अनंताश्रमाची खानावळ, जिथे मासळीच्या जेवणासाठी गिरगावकर रांग लावत, तीही बंद झाली. आईची चाळ सुटली, तसंच हे. फरक इतकाच की आम्ही डोंबिवलीला जाऊन मराठीच राहिलो. इथून बाहेर पडलेल्यांच्या नातवंडांच्या तोंडी ही बोली राहील का, हे आजींनाही सांगता आलं नाही.

उन्हाळा होता, म्हणून बोलणं मसाल्यावर आलं. एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आत, मिरच्या आणि वीसपंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा, कांडायचा आणि बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा. काचेतून उजेड गेला तर मसाल्याचा रंग उडतो. बाटलीत भरतात म्हणूनच त्याला बॉटल मसाला म्हणतात. आईने मिरच्यांचं प्रमाण विचारलं. आजी हसल्या आणि लग्नाच्या जेवणाकडे, तिथून लग्नाच्या रीतींकडे वळल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, लुगडी नेसून बायका विहिरीवर पाणी आणायला जातात, त्याला ‘उंबराचं पाणी’ म्हणतात.

‘उंबराचं?’ आई पुढे सरकली. ‘अहो, आमच्या देवकात उंबराची डहाळी असते. माझ्या लग्नात मामाने सगळं गिरगाव पालथं घातलं होतं उंबर शोधायला.’

‘मंग?’ आजी म्हणाल्या. ‘मिळालं का?’

‘शेवटी या बाजूलाच कुठेतरी मिळालं.’

यानंतर अर्धा तास मला बोलायची गरजच पडली नाही. हळद कोण लावतं, विहीर बुजल्यावर पाणी कुठून आणायचं, मांडवात गाणी कोण म्हणायचं. दोघी एकमेकींची वाक्यं पुरी करत होत्या. मी उठून गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले, आयडियल वेफर कंपनीतून पाव किलो वेफर्स घेतले, तरी त्यांचं चाललंच होतं. निघताना आजींनी आईच्या हातात जुन्या बाटलीतला चार चमचे मसाला कागदात बांधून दिला.

परतीच्या गाडीत आईने पुडी दोनदा उघडून वास घेतला.

‘गडद काचेची बाटली कुठे मिळेल गं?’ तिने विचारलं. ‘मे संपायच्या आत परत यायला हवं. त्या म्हणाल्यात, कांडताना समोर बसून बघ.’