सापाला ऊब द्यायची म्हणजे

डिसेंबरात मळणीसाठी धानाचं पुंजणं उपसलं की खालून धामण नाहीतर नाग निघतो, हे आमच्या दिघोरीत नवं नाही. पुंजण्याखाली ऊब असते, उंदीर असतात. मग मला बोलावणं येतं. मी साप धरतो, वनविभागाला कळवतो आणि ते सांगतील तिथे सोडून येतो. थंडीच्या सकाळी धरलेली धामण हातात नुसती लोंबते. जमलेले लोक विचारतात, "मेली का जी?" मेलेली नसते. साप अंगात ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो. (अंड्यांना विळखा घालून बसलेली अजगराची मादी स्नायू थरथरवून ऊब आणते, पण तो अपवाद.) ऊन चढल्यावर धुऱ्याशी पिशवी उघडली की धामण आधी लांब पसरून पडून राहते. मग जीभ आतबाहेर होऊ लागते, आणि एकदा अंग तापलं की ती तणसात कधी शिरली तेही कळत नाही.

हे बघतच गावातली पोरं मोठी होतात, पण आता त्यांच्या हातात मोबाइलही आहे. एका पोराने नानेटी धरून काचेच्या बरणीत ठेवली आणि वर शंभर वॅटचा बल्ब टांगला. मी पोचलो तेव्हा नानेटी बरणीच्या तळाशी डोकं खुपसून होती, तोंड उघडं. तापलेल्या जागी सापाने असा आ वासला तर त्याला उष्णता सोसत नाहीये असं समजावं. "व्हिडिओत असंच होतं काकाजी," पोरगा म्हणाला. व्हिडिओ होता आफ्रिकेतल्या बॉल पायथनचा, कुठल्यातरी थंड देशातल्या घरातला. आपल्या रानातला साप घरात पाळायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे त्यात कोण सांगणार? नानेटी संध्याकाळी बोडीच्या काठावर सोडली.

खरा बॉल पायथन मी नागपुरात पुतण्याकडे पाहिला. 2020मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना स्वतःहून माहिती द्यायला सांगितलं, तेव्हा त्याने परिवेश पोर्टलवर नोंद केली होती. 2024च्या नियमांनंतर तर अशी नोंदणी बंधनकारकच झाली. कागद चोख, पण मे महिन्यात गेलो तेव्हा काचपेटीखालची हीटिंग मॅट चालूच! साप पाळण्याच्या एका मार्गदर्शकात लिहिलं होतं, ती चोवीस तास ठेवा. लिहिणाऱ्याच्या खिडकीबाहेर बर्फ असेल. इथे बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीतच छत्तीस.

बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला साधारण 31 ते 33 अंश लागतात, दुसऱ्या टोकाला 25 ते 27. महत्त्व आहे या फरकाला. साप दोन टोकांत ये-जा करून अंगाचं तापमान स्वतः सांभाळतो. पेटी सगळीकडे सारखीच तापली तर त्याने जायचं कुठे? लपायची जागाही दोन्ही टोकांना हवी, नाहीतर तो आडोशासाठी नको त्या तापमानात बसून राहतो. थंडीत मॅट लागते, पण थर्मोस्टॅटशिवाय ती लावूच नये, कारण तिच्यामुळे सापाचं पोट भाजतं आणि तरी तो वेळेवर सरकत नाही. उलट पेटी गार पडली असताना त्याला उंदीर खाऊ घातला, तर तो पचत नाही, ओकून टाकतो. आम्ही मॅट बंद केली, खोलीत कूलर लावला. खोली गार झाल्यावर तापमान मोजायला पुतण्याने कोविडच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक काढली. गार टोकाकडे धरली तर तिने 'लो' दाखवलं, कारण ती माणसाच्या तापासाठीच बनवलेली. शेवटी दोन टोकांना दोन साधे डिजिटल मापक लावले. मॅट बंद केली, खोलीत कूलर लावला.

उजेडाचं सोपं आहे. बारा तास दिवस, बारा तास अंधार, आणि पेटीवर थेट ऊन नको. रात्री लाल बल्ब लावा असं जुन्या पुस्तकांत असतं, आता जाणकार तसं सांगत नाहीत. रात्री ऊब लागलीच तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावतात. अतिनील दिव्याबद्दल पाळणाऱ्यांत अजून मतभेद आहेत, आणि जो मार्गदर्शक हे मतभेद लपवत नाही त्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

मार्गदर्शक निवडताना मी आधी सापाचं शास्त्रीय नाव शोधतो. 'पायथन' म्हणून भागत नाही. मग तापमान दोन टोकांचं दिलंय का आणि ते कुठे मोजायचं, हे बघतो. एकच आकडा असेल तर पुढे वाचत नाही. पानाच्या शेवटी दुकानातल्या मालाची यादी निघाली की तापणारा दगड घ्या असा सल्ला हमखास असतो. तो दगड सापाला भाजतो. आणि आपल्या उन्हाळ्याबद्दल एक ओळही नसेल, तर तो मार्गदर्शक विदर्भात निम्माच उपयोगाचा.

बरणीतल्या नानेटीला मात्र कुठल्याही मार्गदर्शकाची गरज नव्हती. घरात, गोठ्यात साप निघाला तर बल्ब लावू नका, बरणी शोधू नका. लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.